आक्काची पट्टी

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. आडतीला तूर घातली की मी काट्याजवळून हलत नाही. पेट्रोल भरताना आकडा शून्यावर आल्याची दोनदा खात्री करतो. परंड्याच्या एका शाळेत मी चौतीस वर्षं कारकून होतो आणि तेवढ्या वर्षांत एकही कागद दोनदा वाचल्याशिवाय पुढं सरकवला नाही. बायको म्हणते, तुम्ही देवळातला प्रसादसुद्धा वास घेऊन तोंडात टाकता. ते खरं आहे. एकदा खोबरं खवट निघालं होतं.

त्यामुळं मागच्या वर्षी पोळ्याच्या सुमाराला आक्काचा कॅनडाहून फोन आला आणि ती नेहमीपेक्षा जास्त वेळ पावसापाण्याचं विचारत राहिली, तेव्हाच मी ओळखलं की हिच्या पोटात काहीतरी वेगळं आहे. आक्का म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. पोळ्याचं झालं, बैलांचं झालं, माझ्या रक्तदाबाचं झालं, आणि मग ती म्हणाली, "भाऊ, माझी पट्टी मला दे. फुकट नको, विकत दे."

मी "बघू" म्हणालो आणि फोन ठेवला. चहा गार होईपर्यंत तसाच बसून राहिलो. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की हिच्या कानात कुणीतरी काहीतरी घातलंय.

पट्टी म्हणजे आमच्या रानातला ओढ्याकडचा तीस गुंठ्यांचा तुकडा. सातबाऱ्यावर त्याला नुसता गट नंबर आहे, पण सगळं गाव त्याला आक्काची पट्टी म्हणतं. कारण ती पट्टी आक्कानं केली. पूर्वी तिथं नुसते दगड होते, कुसळसुद्धा धड येत नव्हतं. मला शिकायला बार्शीला मामाकडं ठेवलं होतं आणि आक्काची शाळा सातवीत सुटली होती. ती आणि वडील अशा दोघांनी तीन उन्हाळे तिथले दगड वेचले. मी सुट्टीत यायचो तेव्हा आक्काच्या हातांना फडकी बांधलेली असायची, आणि ती मला म्हणायची, तू सावलीत बस, अभ्यास कर. मी बसायचो. त्या दगडांचा ओढ्याच्या बाजूला कमरेएवढा बांध झाला आणि तो अजून आहे. चौथ्या वर्षी तिथं शाळू आला. त्याच वर्षी तिचं लग्न झालं, त्यामुळं त्या शाळूची भाकरी तिनं खाल्ली की नाही हे मला आठवत नाही.

दाजी इंजिनिअर होते. आधी पुणे, मग मस्कत, मग कॅनडा. पोरं तिकडंच वाढली. सगळ्यांनी तिकडचं नागरिकत्व घेतलं, तेव्हा तिलाही घ्यावं लागलं. आपला इकडचा पासपोर्ट जमा केला तेव्हा त्यावर रद्दचा शिक्का मारून तो परत दिला म्हणे, आणि तिनं तो देवघरात ठेवला. हे तिनं मला फोनवर सांगितलं होतं. मी हसलो होतो.

बारा वर्षांपूर्वी वडील गेले. दहाव्याला आक्का आणि दाजी आले. दाजी सरळ माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण पिंडाला कावळा शिवायची वाट बघत सगळे ओढ्याकाठी बसले असताना त्यांनी शेजारच्या माणसाला सहज विचारलं की इकडं सध्या एकराला काय भाव चाललाय. एवढंच. माणूस वेळ घालवायला काहीही विचारतो. पण मी ते ऐकलं, आणि तिथून पुढं मला ना कावळा दिसला ना पिंड. दाजींना जमिनीचा भाव कशाला पाहिजे, याच एका गोष्टीभोवती माझं डोकं फिरत राहिलं.

आमच्याकडं रीत अशी की बाप गेला की वारस म्हणून सगळ्या लेकरांची नावं सातबाऱ्याला लागतात, आणि मग भाऊ बहिणीला घेऊन नोंदणीच्या ऑफिसात जातो. तिथं ती हक्कसोडपत्रावर सही करते. म्हणजे या जमिनीतला माझा हिस्सा मी राजीखुशीनं भावाला सोडला, असं लिहून देते. भाऊ तिला लुगडं घेतो, ऑफिसासमोरच्या हॉटेलात भजी खाऊ घालतो, आणि माहेर चालू राहतं. सही न करणाऱ्या बहिणीचं माहेर बंद होतं. हे कुणी तोंडानं बोलत नाही. बोलायची गरजच पडत नाही.

एरवी मी वर्षश्राद्धापर्यंत थांबलो असतो. पण दाजींचा तो प्रश्न माझ्या डोक्यात बसला होता. तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी मी आक्काला म्हणालो, "आक्का, तुझ्याकडं आता तिकडचा पासपोर्ट. परदेशी माणसाला हितं शेतजमीन ठेवता येत न्हाय, असा कायदाय. उद्या सरकार जप्त करंल. त्यापरीस सही करून टाक."

हे मी तहसीलसमोरच्या चहाच्या हॉटेलात ऐकलं होतं. कोण बोलत होतं, कुणाविषयी बोलत होतं, काही ठाऊक नाही. आक्का म्हणाली, "तू म्हणतुयास तर तसंच असंल." वारसांची नावं लागल्यावर आम्ही ऑफिसात गेलो, तेव्हा तिच्या लक्षात आलं की चष्मा घरी राहिलाय. थांबूया का, म्हणाली. मी म्हणालो, वाचायला काय आहे त्यात, ऑफिस बंद व्हायची वेळ झाली, लवकर चल. ऑफिस बंद व्हायला दोन तास होते. तिनं सही केली, अंगठा लावला, कॅमेऱ्याकडं बघून फोटो दिला. मी तिला हिरवं लुगडं घेतलं.

तर आता ही बाई तीच पट्टी विकत मागत होती. दाजी जाऊन दोन वर्षं झाली होती. मला वाटलं, पोरांनी पढवलं असणार. मग वाटलं, रस्ता निघणार असेल आणि हिला तिकडं बसून आधी कळलं असेल. हल्ली आपल्या गावातलं आपल्याआधी बाहेरच्यांना कळतं. आमच्या भागात पवनचक्क्यावाले आणि सोलरवाले फिरत असतात, दिसेल त्या माळाचे फोटो काढत असतात. मी दोन दिवस चौकशी केली. आमच्या ओढ्याकडं कसलाही रस्ता नाही, कसलीही मोजणी नाही. सोलरवाल्यांच्या माणसाला मी स्वतः गाडीवर बसवून पट्टी दाखवली. तो म्हणाला, काका, हितं तर आमची गाडीबी यायची न्हाय. याचा अर्थ तिथं काहीच नाही असा होतो. मी मात्र त्याचा अर्थ असा लावला की काहीतरी फारच मोठं आहे, म्हणून एवढं लपवतात.

शेवटी मी परंड्याच्या एका वकिलांकडं गेलो. खरं सांगायचं तर मी कायदा समजून घ्यायला गेलो नव्हतो, नकार शोधायला गेलो होतो. बहिणीला तोंडावर नाही म्हणणं जड जातं. ते काम सरकारनं केलं तर बरं.

वकिलांनी विचारलं, बहीण भारतीय नागरिक आहे का? मी म्हणालो, नाही, तिकडची. मूळची इथली म्हणून तिच्याकडं कार्ड आहे, त्यावर ती पाहिजे तेवढे दिवस इथं राहू शकते. वकील म्हणाले, राहू शकते. शहरात फ्लॅट घेऊ शकते, दुकान घेऊ शकते. पण शेतजमीन विकत घेऊ शकत नाही. फार्महाऊस नाही, मळा नाही. आणि हे महसुलाच्या कायद्यात नाही, परकीय चलनाच्या कायद्यात आहे. ज्वारीच्या रानाचा आणि परकीय चलनाचा काय संबंध, हे मला कळलं नाही. पण मला ते फार आवडलं. मी विचारलं, आणि मी बक्षीस दिली तर? बक्षीसही चालत नाही, ते म्हणाले. फक्त वारसानं आली तर ठेवता येते.

शेवटचं वाक्य मी ऐकलं, पण ऐकलं नाही असं केलं. बाकीचं घेऊन घरी आलो. त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. बायकोनं विचारलं, काय झालं एवढं आनंदाला? मी म्हणालो, काही नाही, हवा चांगली आहे.

आक्काला मी फोनवर काहीच सांगितलं नाही. ये, म्हणालो, इथं आल्यावर बघू. तिला वकिलापुढं बसवायचं आणि नकार वकिलाच्या तोंडून येऊ द्यायचा, असं मी ठरवलं होतं.

दिवाळी झाल्यावर ती आली. कुर्डूवाडीला गाडीतून उतरली तेव्हा पायात कापडी बूट, पण अंगावर हिरवं लुगडं. बारा वर्षांपूर्वी मी घेतलेलं तेच. मला वाटलं, हे मुद्दाम नेसलीय. मला बोलून न दाखवता काहीतरी दाखवायचंय हिला. घरी आल्यावर मी तिची बॅग उचलली तर ती जड लागली. कागदपत्रं असणार. बॅगेत निघालं काय, तर माझ्या बायकोला दोन स्वेटर, पुण्याच्या आमच्या पोराला घड्याळ, आणि एक खुरपं. कॅनडात विकत घेतलेलं, लाल मुठीचं. ते बघून बायको हसली. मी नाही हसलो.

एक सांगायला पाहिजे. आक्काची बोली आमच्यापेक्षा जुनी राहिलीय. आम्ही टीव्ही बघून, शाळेत राहून सुधारलो. ती चाळीस वर्षांपूर्वी जशी बोलत गेली तशीच बोलते. गावातली पोरं तिच्या मागं मागं फिरून ऐकायची. परदेशी बाई आली आणि आमच्या आजीसारखी बोलते, असं म्हणायची.

दुसऱ्या दिवशी ती पट्टीत गेली. मी गुपचूप मागून गेलो आणि चिंचेच्या आड उभा राहिलो. वय वर्षं अठ्ठावन्न, आणि मी चिंचेमागून स्वतःच्या बहिणीवर नजर ठेवत होतो. ती बांधावरून चालली. मध्येच वाकून एक दगड उचलला, दुसऱ्या दगडावर नीट बसवला. पुढं गेली, आणखी एक बसवला. टेप काढला नाही, फोटो काढला नाही. एक घटका हेच चाललं होतं. मी कंटाळून घरी आलो.

त्या दिवशी दुपारी माझ्या बायकोनं तिला सरळ विचारलं, आक्का, तुम्हाला ही पट्टी कशाला पाहिजे? घर बांधायचं असेल तर परंड्यात बघा, धाराशिवला बघा, तुम्हाला ते घेता येतं. आक्का म्हणाली की घर नको. तिकडं पोरांचं घर आहे, पण तिथं ती पाहुणी. तिकडचं सरकारही आता बाहेरच्या माणसाला घर घेऊ देत नाही, काही वर्षांची बंदी आहे. म्हणजे तिथं तिच्यासारखा जन्म काढलेला माणूस कागदावर आतला आणि नवा आलेला बाहेरचा. इथं आली तर इथं ती बाहेरची. मग ती म्हणाली, "एका तरी सातबाऱ्यावर माझं नाव पाहिजे, वहिनी. म्या काय केलं जन्मात, असं कुणी इचारलं तर दावायला दुसरं काय हाय माझ्याजवळ? पोरं त्यांच्या बापाच्या नावावर हायती."

मी आतल्या खोलीत होतो आणि हे सगळं ऐकत होतो. मला वाटलं, चांगलं घोकून आलीय. खरंच वाटलं. आता लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा वाटलं.

चार दिवसांनी आम्ही वकिलांकडं गेलो. मी मागं येऊन गेलो होतो हे वकिलांनी बोलू नये म्हणून मी दारातच त्यांना खूण केली. त्यांनी तिला सगळं समजावून सांगितलं. विकत घेता येणार नाही, बक्षीस घेता येणार नाही. बिगरशेती करून प्लॉट घ्या म्हणाले, तर त्याला रस्ता पाहिजे, परवानगी पाहिजे. आणि ती म्हणाली, मला पेरायचंय, प्लॉटात काय पेरू. मी मान खाली घालून बसलो होतो. चेहरा दुःखी ठेवला होता. सगळं मी ठरवल्यासारखं चाललं होतं.

मग वकिलांनी कागद उलटता उलटता विचारलं, वडील गेल्यावर वारस म्हणून तुमचं नाव लागलं होतं ना? मग ते गेलं कुठं?

आक्का म्हणाली, लागलं होतं, हक्कसोडपत्राची सही केली. परदेशी माणसाला जमीन ठेवता येत नाही ना, म्हणून.

वकील म्हणाले, "विकत घेता येत नाही, बाई. वारसानं आलेली ठेवता येते. तुम्ही सही केली नसती तर आज ती तुमचीच असती."

ती माझ्याकडं बघेल म्हणून मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बसलो. महिना कोणता होता तेही मला दिसलं नाही. पण ती माझ्याकडं बघत नव्हती. ती आपल्या हातांकडं बघत होती.

वकिलांनी एक वाट सांगितली. खोटं सांगून सही घेतली असेल तर ते हक्कसोडपत्र रद्द करायचा दावा लावता येतो. बारा वर्षं झाली असली तरी फसवणूक ज्या दिवशी कळली तिथून मुदत मोजतात. बहिणीनं दाव्यात लिहायचं की भावानं खोटं सांगितलं, आणि भावानं कोर्टात ते कबूल करायचं. भावानं नाकारलं तर अवघड. त्यांनी हे अगदी कोरडेपणानं सांगितलं.

आक्का उठली. "माझ्या भावानं मला फशिवलं, असं म्या कोर्टात लिहून देऊ व्हय? न्हाय," ती म्हणाली आणि बाहेर जाऊन बाकावर बसली.

मला तेव्हा काय वाटलं असेल? सुटलो, असं वाटलं.

येताना बसमध्ये आम्ही दोघं एकाच बाकावर बसलो होतो. गाव येईपर्यंत ती खिडकीतून रानं बघत होती. मला ते सहन होईना. घरी आल्याबरोबर मी मोठ्या मनानं म्हणालो, आक्का, मी मृत्युपत्र करतो. माझ्यामागं पट्टी तुझी. वारसानं आली तर चालते म्हणतात, वकिलांना विचारून पक्कं करू. पोराला रानाचं काही नाही, तो हरकत घेणार नाही. मला वाटलं, यापेक्षा कुणी भाऊ काय करेल.

आक्का पायातले बूट काढत होती. ती म्हणाली, "म्या तुझ्यापरीस सहा वर्षांनी थोरली हाय. म्हंजी तू मरायची वाट बघत बसू व्हय रं?"

माझी बायको निवडत असलेली डाळ तशीच ठेवून आत गेली.

आक्का परत गेली नाही. हुरडा होईपर्यंत राहते म्हणाली. माझ्याविषयी कुणाजवळ एक अक्षर बोलली नाही, आणि नेमकं त्याचंच मला भ्या वाटायचं. माणूस भांडला की कळतं त्याच्या मनात काय आहे. ती सकाळी लाल मुठीचं खुरपं घेऊन पट्टीत जायची, माझ्या शाळूत खुरपायची, दुपारी परत यायची. गावात लोक मला विचारायचे, काय, बहीण हिस्सा मागायला आलीय का? मी म्हणायचो, छे छे. ते डोळे मिचकावायचे. मीही आतून तेच विचारत होतो.

मला रोज सकाळी रक्तदाबाची गोळी लागते. मी ती विसरतो, आणि बायकोला तिची कामं. आक्का आल्यापासून ते काम तिनं घेतलं. पट्टीत जायच्या आधी एका हातात पाणी आणि दुसऱ्या हातात गोळी घेऊन ती माझ्यापुढं उभी राहायची. आधी गोळी घे, मग पेपर वाच.

वकिलांकडून आलो त्याच्या दुसऱ्या सकाळीही ती तशीच आली. गोळी पाकिटातून काढून तळहातावर ठेवलेली. आणि मी काय केलं, तर मी हात पुढं न करता म्हणालो, पाकीट कुठंय? तिनं पाकीट आणून दिलं. मी ते उलटं केलं, नाव वाचलं, तारीख वाचली. पुन्हा एकदा वाचलं. सवय, असं मी स्वतःला सांगितलं. पण ती सवय नव्हती. माझ्यामागं पट्टी तिची, असं मी आदल्या दिवशी बोललो होतो, आणि रात्रीतून माझं डोकं कुठवर गेलं होतं ते मला माहीत होतं. तिलाही ते कळलं.

ती रागावली नाही. "वाच," ती म्हणाली. "दोनदा वाच. बरं असतंय."

मी गोळी घेतली. ती खुरपं घेऊन गेली. मी पेपर समोर धरून बसलो आणि मला एक ओळही वाचता आली नाही. मला स्वतःची किळस आली. याच बाईनं मला सावलीत बसवून दगड वेचले होते, आणि मी तिच्या हातातल्या गोळीची तारीख तपासत होतो.

तरीही मला वकिलांकडं जायला दीड महिना लागला. माणूस एका सकाळीत सुधारत नाही. मी रोज ठरवायचो आणि रोज काहीतरी निमित्त काढायचो. आणि इथं मला एक गोष्ट सांगायला पाहिजे, जी मी वर सांगितली नाही. मुद्दामच गाळली होती. सांगावी की नाही हे लिहिता लिहिता ठरवत होतो.

हक्कसोडपत्राच्या दिवशी आक्का बाहेर लिंबाखाली बसली होती आणि मी दस्त लिहिणाऱ्यापुढं होतो. म्हातारा माणूस होता, कानाला पेन लावलेला. त्यानं आक्काचा पासपोर्ट बघितला आणि म्हणाला, या परदेशी आहेत? पण जमीन वारसानं आलीय ना, मग तर यांना ठेवता... मी त्याला पुढं बोलू दिलं नाही. तुम्ही लिहा, म्हणालो, आम्हाला घाई आहे. त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि लिहायला लागला.

म्हणजे मला माहीत होतं. पूर्ण नाही, पण पुरेसं माहीत होतं. जो माणूस पेट्रोलचा आकडा दोनदा बघतो, त्यानं ती एक गोष्ट एकदाही बघितली नाही, कारण बघितली असती तर सही घेता आली नसती.

हे मी आधी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, मला वाटलंच होतं. बारा वर्षं तिला वाटत होतं आणि ती बोलली नव्हती. मग मी वकिलांकडं गेलो आणि त्यांनाही सगळं सांगितलं. ते म्हणाले, दावा बहिणीचा, तेव्हा मी त्यांचा वकील; तुमचं म्हणणं मांडायला तुम्हाला दुसरा बघावा लागेल. आणि कबूल केलं म्हणून कोर्ट ऐकेलच असंही नाही. ती परदेशी नागरिक, तेव्हा सगळं कसून तपासतील. भावाबहिणीनं संगनमत केलं असाही संशय घेतील. मी म्हणालो, घेऊ द्या. संशय घेणाऱ्या माणसाचं मला काही वाटत नाही.

आठ दिवसांनी त्यांनी दाव्याचा मसुदा दिला. मी तिथंच बाकावर बसून दोनदा वाचला. तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं, कायद्याविषयी उभयतांच्या गैरसमजुतीमुळे सदर हक्कसोडपत्रावर सही झाली. मी कागद परत नेला. म्हणालो, हे चुकलंय. वकील म्हणाले, असं लिहिलं तर तुमच्या अंगावर कमी येतं. गावात राहायचंय तुम्हाला. मी म्हणालो, उभयतांचा गैरसमज नव्हता. समज मला एकट्याला होती. जे झालं ते लिहा. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि खोडलं.

नवा कागद घेऊन मी तिथूनच पट्टीत गेलो. शाळू कमरेच्या वर आला होता, कणसं भरत होती. आक्का दगडी बांधावर बसून हातावर हुरडा चोळत होती. मी कागद तिच्यापुढं धरला आणि सही कुठं करायची ते दाखवलं.

तिनं विचारलं, "कशाचाय?"

"वाच," मी म्हणालो.

तिनं हात झाडले, पिशवीतून चष्मा काढला, पदरानं पुसला, डोळ्याला लावला आणि वाचायला लागली. ती बोट ठेवून वाचते. मी उभाच होतो. तिसऱ्या परिच्छेदाशी तिचं बोट थांबलं. तिथं लिहिलं होतं की, प्रतिवादी भावाने, खरा कायदा माहीत असताना, वादी बहिणीस खोटे सांगून व वाचण्यास वेळ न देता सही घेतली. ती ओळ तिनं पुन्हा पहिल्यापासून वाचली.

"हे म्या लिवलेलं न्हाय," ती म्हणाली.

"मी लिवलंय."

कागद मांडीवर तसाच होता. वाऱ्यानं तो उडू नये म्हणून तिनं बांधावरचा एक दगड उचलून त्याच्या कोपऱ्यावर ठेवला. मग पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला लागली. ऊन उतरत होतं, परंड्याची शेवटची बस जायची वेळ झाली होती आणि वकील सकाळी कागद मागणार होते. मी तिला घाई केली नाही.